चषक कोणाचा : देणाऱ्याचा की खेळणाऱ्यांचा?

चषकाला स्वतःचे असे मोल फारसे नसते. त्यातली चांदी सराफाच्या काट्यावर ठेवली तर तिची किंमत काही क्षणांत ठरेल, आणि तो मिळविण्यासाठी उपसलेल्या कष्टांपुढे ती किंमत नगण्य भासेल. तरीही त्याच पेल्यासाठी माणसे वर्षानुवर्षे झटतात, हरतात आणि पुन्हा कंबर कसतात. मग हे मोल त्याला येते कोठून? ज्याने तो घडवून घेतला त्या दात्याच्या नावामुळे, की ज्यांनी त्यासाठी घाम गाळला त्या खेळाडूंमुळे? खेळाच्या प्रत्येक स्पर्धेपुढे आज एखाद्या कंपनीचे नाव झळकत असताना हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका अशा खेळाचा इतिहास तपासणे उद्बोधक ठरेल, की ज्याच्याशी मराठी वाचकाचा परिचय बेताचाच आहे. तो खेळ म्हणजे स्कॉटलंडमध्ये वाढलेला आणि कॅनडात फोफावलेला कर्लिंग.

कर्लिंग हा बर्फावरचा खेळ. वर मूठ बसविलेला, सतरा ते वीस किलो वजनाचा ग्रॅनाइटचा घोटीव दगड गोठलेल्या पृष्ठभागावरून सरकवायचा आणि सुमारे ३८ मीटर अंतरावरील वर्तुळाच्या केंद्राजवळ नेऊन थांबवायचा, हे त्याचे सूत्र. प्रत्येक संघात चार खेळाडू, प्रत्येकाचे दोन दगड. सहकारी हातात झाडू घेऊन दगडापुढचा बर्फ घासत धावतात आणि त्याची गती व दिशा सांभाळतात. प्रतिस्पर्ध्याचा दगड टोला देऊन हुसकावण्याची मुभा असते. सोळाही दगड टाकून झाले की ज्याचा दगड केंद्राच्या सर्वांत जवळ, त्या संघाला गुण. गोट्या आणि कॅरम यांचे बर्फावर लग्न लागले असते तर जे निपजले असते, ते बहुधा असेच काहीतरी.

पैज पिठाची, मान पदकाचा

या खेळाच्या आरंभी चषक नव्हताच. बर्फावरील दगडांच्या लढतीची सर्वांत जुनी लेखी नोंद १५४१ सालची, स्कॉटलंडमधील पेस्ली येथील आहे. मठातील जॉन स्क्लेटर नावाच्या साधूने बर्फावर तीन वेळा दगड सरकवून पाहिला आणि गॅव्हिन हॅमिल्टन या मठाधिपतीच्या आप्ताला आव्हान दिले, अशी ही हकिकत एका लेखप्रमाणकाने लॅटिन भाषेत टिपून ठेवली. बक्षिसाचा तिच्यात मागमूस नाही. पुढेही अनेक सामन्यांतून पैज लागे ती ओटच्या पिठाची. हरणाऱ्याने ते पीठ गावच्या गोरगरिबांना द्यायचे, एवढीच शर्त. जिंकणाऱ्याच्या पदरात काही पडत नसे. पराभूताच्या पिशवीतून मात्र कुणाच्या तरी चुलीवर लापशी शिजे. स्कॉटिश व्यापाऱ्यांनी १८०७ साली कॅनडातील माँट्रियल येथे क्लब काढला, तेव्हा दिवसाच्या खेळात हरलेल्या पक्षाने व्हिस्कीच्या कढत पेयाचे एक मोठे पात्र मेजावर मांडावे, असा नियमच करण्यात आला. उत्तर अमेरिकेतील हा पहिला कर्लिंग क्लब. बक्षीस वाटून घ्यायचे असते, ही जाणीव या सर्व प्रथांच्या मुळाशी दिसते.

पदकाचा प्रवेश झाला तो एडिंबरा शहराच्या कुशीतील डडिंग्स्टन सरोवरावर. तेथील कर्लिंग संस्था १७९५ साली स्थापन झाली. १८०४ साली तिने खेळाचे नियम लिहून काढले आणि त्या शतकाच्या पहिल्याच दशकात वैयक्तिक कौशल्यासाठी पदक ठेवले. दगड नेमका केंद्राशी आणणे, समोरचा दगड हुसकावणे, दुसऱ्या दगडाला घासून आत शिरणे, अशा कसोट्या लावून प्रत्येकाचे गुण मोजले जात. दरवर्षी नव्याने खेळायचे आणि जो सरस ठरेल त्याने ते पदक पुढल्या हिवाळ्यापर्यंत मिरवायचे, ही रीत रुळली. पदक घराण्याची मालमत्ता होत नसे. ते एका वर्षापुरते सोपविलेले असे. चषकामागची खरी कल्पना येथे जन्माला आली. बक्षीस म्हणजे देणगी नव्हे, ठेव आहे.

१८३८ साली एडिंबरात ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब या मध्यवर्ती संस्थेची स्थापना झाली. चार वर्षांनी राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट पर्थजवळच्या स्कोन राजवाड्यात उतरले असता, यजमान लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी दिवाणखान्याच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर दगड सरकवून त्यांना हा खेळ दाखविला. राजाश्रय लाभला आणि १८४३ पासून संस्था ‘रॉयल’ झाली. परंतु राजाश्रयापेक्षा तिने केलेले एक काम अधिक मोलाचे होते. शेजारशेजारच्या क्लबांनी एकमेकांशी खेळावे म्हणून ती पदके पुरवू लागली. ज्या गावांचे एकमेकांशी पटत नव्हते, त्यांनाही निदान एका पदकासाठी एकाच तळ्यावर यावे लागले.

बेरजेचा विजय

या मध्यवर्ती क्लबचा सर्वांत भव्य उपक्रम म्हणजे महासामना. फोर्थ नदीच्या उत्तरेकडील सारे क्लब विरुद्ध दक्षिणेकडील सारे क्लब, असा त्याचा थाट. पहिला महासामना १८४७ साली एडिंबराजवळील पेनिक्विक येथे झाला. १८५३ पासून पर्थशरमधील कार्सब्रेक येथे त्यासाठी तळेच राखून ठेवण्यात आले. तेथे रेल्वेचा खास थांबा होता. बर्फ धरल्याची वार्ता आली की गावोगावचे शेतकरी, उमराव, पाद्री आणि कारागीर आपापले दगड घेऊन गाडीत बसत. शेकडो सामने एकाच वेळी चालत, आणि जय-पराजय ठरे तो साऱ्यांच्या गुणांची बेरीज करून. ज्याचा संघ आपल्या पट्टीवर दारुण हरला, त्याने शेवटच्या फेरीत मिळविलेला एक गुणसुद्धा त्याच्या बाजूच्या हिशेबात धरला जाई. कोणाही एका शूरवीराच्या पराक्रमावर हा सामना जिंकता येत नसे. सामान्यांच्या सामान्य कामगिरीची बेरीज हाच येथला विजय.

हेच गणित पुढे सातासमुद्रापार गेले. १९०२-०३ च्या हिवाळ्यात रेव्हरंड जॉन केर यांच्या नेतृत्वाखाली स्कॉटिश खेळाडूंचा मोठा चमू कॅनडाच्या दौऱ्यावर गेला. या दोन देशांतील दौऱ्यांसाठी लॉर्ड स्ट्रॅथकोना यांनी चषक दिला. हे दातेही मोठे विलक्षण गृहस्थ होते. १८३८ साली, म्हणजे ज्या वर्षी एडिंबरात मध्यवर्ती क्लब निघाला त्याच वर्षी, डोनाल्ड स्मिथ नावाचा एक स्कॉटिश तरुण हडसन्स बे कंपनीत उमेदवार कारकून म्हणून कॅनडाला गेला. कातड्यांच्या व्यापाराचे हिशेब लिहीत तो चढत गेला, कॅनडाच्या आरपार जाणाऱ्या रेल्वेचा शेवटचा खिळा १८८५ साली त्याने ठोकला आणि अखेरीस तो लॉर्ड झाला. त्याच्या चषकाचा निकाल आजही दौऱ्यातील सर्व सामन्यांच्या गुणांची बेरीज करून लागतो. किती सामने जिंकले याला महत्त्व नाही; सर्वांनी मिळून किती मिळविले याला आहे. ज्याने उमेदवारीत खतावणीची बेरीज केली, त्याच्या नावाच्या चषकाला बेरजेचाच नियम लाभावा, हा योगायोग सुंदर आहे.

या कालखंडात भारतीय इतिहासाच्या विद्यार्थ्याला परिचित नावेही भेटतात. काँग्रेसची स्थापना झाली तेव्हा हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन हे त्यापूर्वी, १८७२ ते १८७८ या काळात, कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. तेथील आपल्या निवासस्थानी त्यांनी कर्लिंगची पट्टी बांधून घेतली होती आणि या खेळासाठी बक्षीसही ठेवले होते. स्कॉटिश चमूच्या त्या पहिल्या दौऱ्याच्या वेळी कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते लॉर्ड मिंटो. मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे भारतीयांना ठाऊक झालेले तेच हे मिंटो. साम्राज्याचे हे अधिकारी जेथे गेले तेथे चषक ठेवत गेले. त्यांचे अधिकार संपले, साम्राज्यही संपले. काही चषक मात्र उरले. जे उरले ते दात्याच्या पदवीमुळे नव्हे, खेळणाऱ्यांना ते हवे होते म्हणून.

तंबाखूचे हृदय

विसाव्या शतकात उमरावांची जागा कंपन्यांनी घेतली. माँट्रियलच्या मॅक्डोनल्ड टोबॅको कंपनीची कहाणी या दृष्टीने अभ्यसनीय आहे. तिचे संस्थापक सर विल्यम मॅक्डोनल्ड यांना तंबाखूच्या सवयीचा मनस्वी तिटकारा होता; मिळविलेल्या संपत्तीतील फार मोठा वाटा त्यांनी मॅक्गिल विद्यापीठाला दिला. त्यांच्यानंतर कंपनी स्ट्यूअर्ट बंधूंकडे आली. त्यांनी आधी मॅनिटोबा प्रांतातील स्पर्धेला चषक दिला आणि मग १९२७ साली टोरोंटोच्या ग्रॅनाइट क्लबमध्ये अखिल कॅनडाची अजिंक्यपद स्पर्धा भरविली. कंपनीच्या एका तंबाखूचे नाव होते ‘ब्रायर’; तेच स्पर्धेला देण्यात आले. बक्षीस म्हणून ठेवलेले उंच रौप्यपात्र ‘ब्रायर टँकार्ड’ या नावाने प्रसिद्धीस आले. कंपनीच्या तंबाखूवर हृदयाच्या आकाराचा पत्र्याचा छोटा बिल्ला असे. त्याच आकाराची चांदीची पाने चषकाच्या बैठकीवर बसविण्यात आली आणि त्यांवर विजेत्यांची नावे कोरण्याची पद्धत पडली. जाहिरात होती ती उघडच.

परंतु पहिला विजेता कोण होता? हॅलिफॅक्स शहराच्या संघाचा कर्णधार मरे मॅक्नील. डलहौसी विद्यापीठात गणित शिकविणारा प्राध्यापक आणि त्याच विद्यापीठाचा कुलसचिव. त्याचे नेहमीचे सोबती प्रवासास येऊ शकले नाहीत, तेव्हा त्याने आपल्याच गावच्या इतर संघांचे कर्णधार गोळा केले आणि टोरोंटो गाठले. परीक्षांचे निकाल लावणाऱ्या गृहस्थाचे नाव चषकाच्या पहिल्या पानावर कोरले गेले. पुढच्या पन्नास वर्षांत त्या बैठकीवर शेतकरी आले, दुकानदार आले, फिरते विक्रेते आले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे तेवढी रिकामी गेली. ‘ब्रायर’ हे तंबाखूचे नाव आहे याचा लोकांना हळूहळू विसर पडला. तो शब्द उच्चारताच कॅनेडियन माणसाच्या डोळ्यांसमोर धूर येईना, बर्फ येऊ लागला. कंपनीने स्पर्धेला आपले नाव दिले होते. लोकांनी ते नाव कंपनीकडून काढून घेतले.

नावे पुसणारी चांदी

याउलट जागतिक अजिंक्यपदाच्या चषकांची कथा. १९५९ साली स्कॉच व्हिस्कीच्या उत्पादकांनी कॅनडा आणि स्कॉटलंड यांच्या विजेत्यांत सामने ठरविले आणि ‘स्कॉच कप’ ठेवला. रेजायना शहरातील एर्नी रिचर्डसनच्या संघाने तो पाच वर्षांत चारदा जिंकला. अमेरिका, स्वीडन आदी देश एकामागून एक सामील झाले. १९६७ नंतर व्हिस्की उत्पादकांनी हात काढून घेतला आणि १९६८ पासून एअर कॅनडा या विमान कंपनीचा ‘रौप्य झाडू’ आला. १९८५ नंतर तोही गेला. स्पर्धा तीच, विजेतेपद तेच, पण चांदी दर वेळी निराळी. एर्नी रिचर्डसनचे नाव ज्या चषकावर आहे, त्यासाठी आजचा जगज्जेता खेळत नाही. पिढ्यांना जोडणारा धागा पुरस्कर्त्याच्या करारपत्राबरोबर तुटला.

चषकावर केवळ नाव कोरले जाते, हकिकत कोरली जात नाही, याचेही प्रत्यंतर याच काळात आले. १९७२ साली जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथील अंतिम सामन्यात अमेरिकेचा संघ दोन गुणांनी पुढे होता. कॅनडाच्या ऑरेस्ट मेलेस्चुकने अखेरचा दगड टाकला. आपण जिंकलो या समजुतीने अमेरिकेचा कर्णधार बॉब लाबाँट आनंदाने उडाला, बर्फावर घसरून पडला आणि त्याचा पाय कॅनडाच्या दगडाला लागला. कोणाचा दगड केंद्राच्या अधिक जवळ होता हे मोजणे आता अशक्य झाले. निर्णय कॅनडाच्या बाजूने गेला, बरोबरी झाली आणि जादा फेरीत कॅनडाने सामना जिंकला. त्यानंतर १९८० पर्यंत कॅनडाला जगज्जेतेपद मिळाले नाही. लाबाँटचा शाप भोवला, असे लोक म्हणू लागले. रौप्य झाडूवर मेलेस्चुकचे नाव आहे. लाबाँटचा पाय मात्र लोकांच्या स्मरणातच आहे. चषक जपायचा असेल तर त्याच्यासोबत ही स्मृतीही जपावी लागते, आणि तिला करारपत्राची मुदत लागू पडत नाही.

जुन्या पात्राचे पुनरागमन

ब्रायरवरही असाच प्रसंग आला. १९७९ ची स्पर्धा मॅक्डोनल्ड कंपनीची शेवटची ठरली. १९८० पासून लाबॅट ही बिअर कंपनी पुरस्कर्ती झाली आणि तिने सोनेरी नवा चषक आणला. जुने रौप्यपात्र बाजूला पडले. वीसएक वर्षे कॅनडाचे विजेते नव्या चषकासह छायाचित्रे काढून घेत राहिले. हा नवा चषक जुन्यापेक्षा काही कमी झळाळत नव्हता. उणे होते ते एकच : त्यावर मरे मॅक्नीलचे नाव नव्हते. २००१ साली पुरस्कर्ता पुन्हा बदलला, तेव्हा जुने ब्रायर टँकार्ड परत आणण्यात आले आणि मधल्या काळातील विजेत्यांची नावे त्यावर चढविण्यात आली. नंतर पुरस्कर्ते आणखीही बदलले. २०२४ पासून स्पर्धेपुढे पुन्हा नव्या कंपनीचे नाव लागले. पात्र मात्र तेच राहिले.

याचा अर्थ परंपरेच्या नावाखाली खेळाडूंनी उपाशी राहावे असा मात्र नव्हे. जुने पात्र परतले त्याच सुमारास कॅनडातील काही आघाडीच्या संघांनी ब्रायरवर बहिष्कार घातला. स्पर्धेच्या प्रक्षेपणातून इतरांना पैसा मिळतो, खेळाडूला मात्र रोख बक्षीस नाही आणि अंगरख्यावर स्वतःच्या पुरस्कर्त्याचे चिन्ह लावण्याची मुभाही नाही, ही त्यांची तक्रार होती. नोकरीतून रजा काढून, पदरमोड करून खेळणाऱ्या माणसाची ही तक्रार गैरवाजवी म्हणता येणार नाही. अखेर तडजोड झाली आणि रुसलेले संघ परतले. त्यांपैकी केव्हिन मार्टिनने २००८ आणि २००९ अशी लागोपाठ दोन वर्षे ब्रायर जिंकली. पैसा अन्यत्रही मिळत होता. तरीही तो परतला, यातच जुन्या चांदीचे सामर्थ्य दिसते. तथापि त्या सामर्थ्याच्या भरवशावर खेळाडूचा हक्क डावलणे हीदेखील ठेवीची अफरातफरच होय.

कॅनडातील महिलांच्या स्पर्धेनेही हाच धडा वेगळ्या रीतीने दिला. मॅक्डोनल्ड कंपनीने हात आखडता घेतल्यावर १९८० आणि १९८१ अशी दोन वर्षे तिला कोणीच पुरस्कर्ता नव्हता. तरीही स्पर्धा झाली. प्रांतोप्रांतीच्या स्त्रिया आल्या, खेळल्या आणि विजेता ठरला. १९८२ साली नवा पुरस्कर्ता मिळाला तेव्हा त्याच्या हाती एक जिवंत स्पर्धा पडली, कारण खेळणाऱ्यांनी ती मरू दिली नव्हती. दात्यावाचून खेळ दोन वर्षे चालू शकतो. खेळणाऱ्यांवाचून दात्याची स्पर्धा दोन तासही चालणार नाही.

बक्षिसाचे खरे मोल पदरी पडायला कधी कधी किती काळ जावा लागतो, याचे उदाहरण ऑलिंपिकमध्ये आहे. १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे स्कॉटिश खेळाडूंच्या ब्रिटिश संघाने कर्लिंगमध्ये स्वीडन आणि फ्रान्स यांना हरवून पदके मिळविली. तो खेळ केवळ प्रदर्शनापुरता होता, असे मानले गेल्यामुळे ती पदके कित्येक वर्षे हिशेबात धरली जात नव्हती. ग्लासगोच्या एका वृत्तपत्राने कागदपत्रे धुंडाळून पाठपुरावा केला, तेव्हा २००६ साली त्या विजयाला अधिकृत मान्यता मिळाली. सोने तेच होते. ८२ वर्षे उणीव होती ती नोंदीची.

दोनशे वर्षांच्या या इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. चषक दात्याचा नसतो, कारण दाता बदलतो. तो विजेत्याचाही नसतो, कारण पुढल्या हंगामात त्याला तो परत करावा लागतो. तो असतो खेळणाऱ्यांच्या परंपरेचा. बाकीचे सारे त्याचे विश्वस्त. विश्वस्ताने ठेवीवर आपली मुद्रा उमटवावी, पण आधीच्या मुद्रा पुसू नयेत. एवढे पथ्य पाळणारा तंबाखूचा व्यापारीसुद्धा खेळाच्या इतिहासात आदराने स्मरला जातो, आणि न पाळणाऱ्याची चांदी कपाटात काळवंडते.

आणि या साऱ्यावर मात करणारीही एक सत्ता आहे, याची जाणीव स्कॉटलंडचा तो जुना महासामना करून देतो. १९३५ नंतर तो केवळ तीनदा होऊ शकला : १९५९, १९६३ आणि १९७९. शेवटच्या वेळी मेंटीथ सरोवराच्या बर्फावर दोन हजारांवर खेळाडू उतरले होते. २०१० च्या कडाक्याच्या थंडीत पुन्हा आशा पल्लवित झाली, पण सुरक्षिततेच्या कारणास्तव बेत रद्द करावा लागला. हिवाळे सौम्य होत आहेत. कर्लिंग कधीच छपराखालच्या कृत्रिम बर्फावर गेले आहे. खेळाडू आहेत, क्लब आहेत, उत्तर-दक्षिणेची जुनी ईर्षाही आहे. फक्त तळे गोठत नाही. कोणाही पुरस्कर्त्याला देता येणार नाही असे ते एकच बक्षीस आहे, आणि फोर्थ नदीच्या दोन्ही तीरांवरची माणसे त्याची १९७९ पासून वाट पाहत आहेत.